नववा फर्मा

कादंबरी हातात घेतली की दादांना हल्ली आधी जांभई यायची आणि मग त्या जांभईचाच राग. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात डोळे घालवले. निवृत्तीनंतर तरी सुटका व्हावी, तर वाचनालयाने गाठलं. वाचनालयात एक कपाट होतं, आपली पुस्तकं आपणच छापून काढणाऱ्या लेखकांचं. त्या कपाटात पुस्तक ठेवायचं तर आधी कुणीतरी ते अथपासून इतिपर्यंत वाचायचं, एक पानी अभिप्राय लिहायचा आणि तो कव्हरच्या आत चिकटवायचा, अशी तिथली पद्धत. अभिप्रायाचा कागद मधोमध दुमडायचा. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा. हे ‘कुणीतरी’ म्हणजे गेली दहा वर्षं दादाच, कारण दुसरं कुणी या भानगडीत पडायला तयार नव्हतं.

या वेळचं पुस्तक घरचंच होतं. ‘ऑपरेशन आंधळा उपग्रह’. पानं चारशे सोळा. कव्हरवर एक उपग्रह, एक पिस्तूल आणि काळा चष्मा लावलेला एक माणूस. तो माणूस बराचसा दादांच्या मेव्हण्यांसारखा दिसत होता, आणि पुस्तकही मेव्हण्यांनीच लिहिलं होतं.

मेव्हणे म्हणजे धाकट्या बहिणीचे, चिमीचे यजमान. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. आवाज एकसुरी, बोलणं अगदी कामापुरतं, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं डायलटोन. निवृत्त झाल्यावर डायलटोननी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, ते तीन वर्षांनी ही कादंबरी लिहूनच उघडलं.

प्रत द्यायला चिमी स्वतः आली. मंगळवारी सकाळी, भाजीची पिशवी एका हातात आणि पुस्तक दुसऱ्या.

“दादा, वाच आणि खरं काय ते सांग त्यांना.”

“खरं सांगितलेलं लेखकांना आवडत नाही, चिमे.”

“म्हणून तर तुझ्याकडे आलेय. दुसरा भाग लिहायचं चाललंय त्यांचं. सोमवारपासून. नव्या वह्यासुद्धा आणून ठेवल्यात.” ती खुर्चीत बसली आणि गुडघे दाबायला लागली. “तीन वर्षं मी त्या दाराबाहेर चहा ठेवतेय. घरात दोन माणसं आणि बोलायला भिंती. आता आणखी तीन वर्षं नाही व्हायची माझ्याच्यानं. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तू नको म्हणालास की नको.”

“आणि पुस्तक चांगलं निघालं तर?”

“तू वाच तर,” चिमी म्हणाली, आणि एवढं दमून म्हणाली की दादांनी पुढे काही विचारलं नाही.

गुडघ्यांचं कारणही तिने सांगितलं. मेव्हण्यांनी छपाई बाहेर करून घेतली होती, पण फर्मे जुळवायला परक्या माणसाला हात लावू दिला नव्हता. मोठ्या कागदावर छापून, घड्या घालून जो सोळा पानांचा गठ्ठा होतो तो फर्मा. या पुस्तकाचे सव्वीस फर्मे. जेवणाच्या टेबलावर, खुर्च्यांवर, फ्रिजवर असे सव्वीस ढीग मांडायचे आणि एकेक उचलत चकरा मारायच्या. एक चक्कर झाली की एक प्रत. शिवायला मग बाइंडरकडे. अशा तीनशे चकरा दोघांनी मिळून मारल्या होत्या.

“लग्नात सातच होत्या,” चिमी म्हणाली. “ही भरपाई.”

दादांनी बुधवारी वाचायला घेतलं आणि शुक्रवारी त्यांची मान धरली. नायक एजंट गरुड. तिसऱ्या पानावर तो संरक्षण खात्याचं कुलूप केसांच्या पिनेने उघडतो आणि चौथ्यापासून बाराव्या पानापर्यंत ते कुलूप आतून कसं असतं हे लेखक सांगतो. गरुडावर कुणी पिस्तूल रोखलं रे रोखलं, की मेव्हणे गोष्ट तिथेच थांबवून केबलचा जोड कसा मारतात ते समजावायला बसायचे. पिस्तूलवाला बिचारा हात आखडून उभा. खलनायकाचं तर विचारूच नका. गरुडाला खुर्चीला बांधून त्याने आपला सगळा बेत त्याला चार पानं सांगितला, मधे पाणीसुद्धा प्यायला, आणि तेवढ्यात गरुडाने दोऱ्या सोडवल्या. बायका मोजून दोन. एक संगणक फोडणारी सुंदरी, जी प्रत्येक प्रकरणात एकदा चष्मा काढते. दुसरी गरुडाची बायको, जी चहा करते. एकशे अठ्ठाविसाव्या पानावर ती प्रथमच स्वयंपाकघरातून बाहेर येऊन फोनपाशी जाते, आणि पुढच्या पानावर थेट गोदामात स्फोट होतो.

तरी डावी बाजू अगदी कोरी राहिली नाही. यंत्रं खरी होती. बॅटऱ्यांच्या खोलीतला आंबूस वास, हजार रिले एकदम वाजताना होणारा कडकडाट, रिकाम्या लाइनीतली गुणगुण हे सगळं वाचताना दादा सरसावून बसले. माणसांबद्दल लिहिताना हा गृहस्थ अडखळत होता, पण तारेबद्दल लिहिताना त्याचं एक अक्षर खोटं नव्हतं. चिमीच्या नवऱ्याशी तीस वर्षांत जेवढी ओळख झाली नव्हती तेवढी दादांना त्या बॅटऱ्यांच्या खोलीत झाली.

आता त्या स्फोटाचं. मुद्रितशोधकाची नजर म्हातारी झाली तरी पानाच्या तळाशी जातेच. एकशे अठ्ठावीसनंतर एकशे पंचेचाळीस. पुढे एकशे साठपर्यंत नीट, आणि पुन्हा एकशे पंचेचाळीसपासून एकशे साठ. म्हणजे नववा फर्मा पडला नाहीच आणि दहावा दोनदा पडला. छापखान्यात अशा प्रती त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. दमलेला माणूस ढिगाला चुकतो, त्यात नवल नाही. दुसरी प्रत मागवून ती सोळा पानं वाचायला हवी होती, हे दादांना कळत होतं. पण मान दुखत होती, डोळे चुरचुरत होते, आणि सोळा पानं कमी झाल्याचा आनंद आधी झाला. स्फोट दुसऱ्यांदा आला तेव्हा तोही त्यांनी उलटून टाकला. दहा वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. केलं ते नेमकं इथे केलं.

शनिवारी दुपारी मेव्हणे अभिप्राय ऐकायला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात वही, खिशाला दोन पेनं. दादांनी हातचं न राखता सगळं सांगितलं. कुलूप सांगितलं, खलनायकाचं पाणी पिणं सांगितलं, चष्मा सांगितला. मेव्हणे मान खाली घालून लिहून घेत होते. एकदाही हुज्जत नाही, चेहरा पडणं नाही. उलट “बरोबर आहे”, “हे खरंय” असं त्या एकसुरी आवाजात म्हणत होते. इतका गुणी लेखक दादांना दहा वर्षांत भेटला नव्हता आणि त्यांना उगाच अपराधी वाटायला लागलं.

शेवटी मेव्हण्यांनी वहीचं पान उलटलं. पेन बोटांत फिरवलं.

“आणि दादा, एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस? टेलिफोनचं प्रकरण?”

इथे सरळ सांगायचं होतं, की माझ्या प्रतीत तो फर्माच नाही. पण तसं म्हटलं असतं तर न वाचताच अभिप्राय लिहिल्याचं उघडं पडलं असतं. शिवाय चिमीचे गुडघे डोळ्यांसमोर होते. आणि खरं सांगायचं तर दादा कंटाळले होते, त्यांना पडायचं होतं.

“ते ठीक आहे,” ते म्हणाले. “जरा लांबलंय. काढून टाकलंत तरी कादंबरीचं काही अडत नाही.”

मेव्हण्यांचं पेन थांबलं.

“काढून टाकू?”

“टाका.”

“वाचून तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“भाऊजी, सत्तरी आली माझी. हेरकथा वाचून आता काय वाटायचंय?”

मेव्हण्यांनी वही मिटली. पेनाला टोपण लावलं.

“त्या सोळा पानांसाठी बाकीची चारशे लिहिली होती, दादा,” ते म्हणाले. “नुसती सोळा दिली असती तर कुणी छापली असती, आणि मला तरी कुठे लिहिता आली असती? पिस्तुलं हवीत म्हणून घातली.” ते उठले. “दुसरा भाग राहू दे आता.”

चहा तसाच राहिला. दादांनी खिडकीतून पाहिलं तर मेव्हणे रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते, आणि मग आपलं घर अलीकडे आहे हे आठवल्यासारखे परत आले.

दादांनी चिमीला फोन लावला. “झालं तुझं काम. दुसरा भाग नाही लिहीत म्हणाले.”

तिकडून हायसं वाटल्याचा उसासा आला. “काय सांगितलंस?”

“सगळ्या चुका सांगितल्या. मुकाट ऐकून घेतल्या त्यांनी. पण ते टेलिफोनचं प्रकरण काढा म्हटलं, तर एकदम उठलेच.”

चिमी हळूच म्हणाली, “ते वाचलंस तू?”

“खरं सांगू? नाही. माझ्या प्रतीत नववा फर्माच नाहीये. दहावा दोनदा लागलाय.”

“बरं झालं,” चिमी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दादा रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. चुकीची प्रत गेली म्हटल्यावर माणूस अगं बाई म्हणतं, दुसरी पाठवते म्हणतं. बरं झालं म्हणत नाही. आणि ढिगाला चुकणारा एक फर्मा विसरतो किंवा एक जास्त घेतो. जाडी भरून निघावी म्हणून पुढचा फर्मा आठवणीने दोनदा घालत नाही. पुस्तक हाताला पातळ लागलं की फर्मा राहिला असं समजावं, ही युक्ती चिमीला खुद्द दादांनीच शिकवली होती, ती शाळेत असताना. त्यांनी चपला घातल्या.

वाचनालय सातला बंद व्हायचं, अजून तास होता. मेव्हण्यांनी स्वतःच्या हाताने दिलेली प्रत तिथे अभिप्रायाची वाट पाहत पडली होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “बसा ना, उभ्याने काय वाचता?” दादांना ते ऐकूच गेलं नाही.

एकशे एकोणतीस. गरुड गुप्तहेर खात्याच्या टेस्ट डेस्कवर बसला आहे. टेस्ट डेस्क म्हणजे जिथून शहरातली कुठलीही लाइन तपासता येते ती जागा. तिथला पहिला नियम: लाइन ऐकायची, बोलणं ऐकायचं नाही. गुणगुण आहे का, खरखर आहे का, एवढंच. गरुड अकरा दिवस बायकोशी बोललेला नाही. भांडण नाही. काय बोलावं ते त्याला सुचत नाही, आणि जितके दिवस जातात तितकं पहिलं वाक्य अवघड होत जातं. बाराव्या दिवशी दुपारी तो हिय्या करून घरी फोन लावतो. एंगेज. परत लावतो, एंगेज. मग लाइन बिघडली असेल असं स्वतःलाच सांगून तो आपल्या घरच्या जोडणीत प्लग घालतो.

लाइन ठणठणीत असते. बायको भावाशी बोलत असते.

इथे पिस्तूल नव्हतं, केबलचा जोड नव्हता. वाक्यं लहान होत गेली होती. “दादा, मला इथून घेऊन जा,” बायको म्हणते. “चारच दिवस. इथे कुणी बोलत नाही रे. मी वेडी होईन.” तिच्या मागे कुकरची शिट्टी होते. भावाच्या मागे यंत्रांची धडधड असते. भाऊ म्हणतो, “अगं, आत्ता प्रुफं तपासून द्यायचीत, माणूस डोक्यावर उभा आहे. सगळ्यांच्याच घरी असं असतं. रविवारी बोलू.” ती म्हणते, “बरं.” आणि फोन ठेवते.

दादांनी पान उलटलं नाही. ‘रविवारी बोलू’ हे वाक्य ते ओळखत होते. सव्वीस वर्षांपूर्वी, दिनदर्शिकांच्या हंगामात, छापखान्याच्या ऑफिसातल्या फोनवर, कानाला रिसीव्हर आणि डाव्या हातात ओलं प्रूफ. रविवारी त्यांना जादा काम होतं. पुढच्या रविवारी काय होतं ते आठवत नव्हतं. चिमीने विषय पुन्हा काढला नव्हता, म्हणून त्यांनी समजून घेतलं होतं की मिटलं.

पुढे गरुड प्लग काढतो. वहीत ‘लाइन ठीक’ असं लिहितो आणि मनाशी म्हणतो, ‘मी ऐकलं असं तिला सांगावं तर मी चोर. न सांगता वागणं बदलावं तर ती विचारणार, आजच का? म्हणून मी काहीच केलं नाही. शत्रूच्या बावन्न लाइनी मी ऐकल्या. देशाचं काय भलं झालं ते देश जाणे. एका लाइनीवर मला हाक ऐकू आली, ती मला नव्हती, आणि ज्याला होती त्याला वेळ नव्हता.’ बास. भावाला त्याने एक वाईट शब्द वापरला नव्हता.

दादा खाली बसले. ग्रंथपाल बाईंनी पाणी आणून दिलं. नवऱ्याने हे ऐकलं होतं, हे चिमीला जेवणाच्या टेबलाभोवती चकरा मारताना, हातात नववा फर्मा असताना कळलं असणार. आणि कळल्यावर तिने काय केलं, तर भावाला वाईट वाटू नये म्हणून एका प्रतीतून तो उचलला आणि पुढची चक्कर सुरू केली. दादांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी खिशातला अभिप्राय काढून फाडला, बाईंकडून कोरा कागद घेतला आणि मधोमध दुमडला. कुलूप आणि चष्मा आता महत्त्वाचे वाटले नाहीत. डावीकडे लिहिलं: ‘जमेच्या बाजू. पाने १२९ ते १४४.’ उजवीकडे लिहिलं: ‘उणिवा. नायिकेच्या भावाविषयी लेखकाने फारच सौम्य लिहिले आहे.’ खाली सही केली आणि डिंकाची बाटली मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिमीकडे गेले. ती शेंगा सोलत होती. आतल्या खोलीचं दार बंदच होतं.

“आवर,” दादा म्हणाले. “तुला न्यायला आलोय.”

चिमीने मान वर करून पाहिलं आणि तिला कळलं. “वाचलंस शेवटी.”

“वाचलं.”

“मुद्दाम काढला होता रे मी तो. वाचनालयाची प्रत यांनी परस्पर नेऊन दिली, नाहीतर तिच्यातूनही काढला असता.” तिने एक शेंग सोलली. “आता नेऊन काय करणार आहेस? तेव्हा चौतिशीची होते. आता साठीची झाले.”

दादांची रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. “आज रविवार आहे,” ते म्हणाले.

चिमी पदराने डोळे पुसून म्हणाली, “किती उशीर रे करतोस, दादा.” शेंगांचं ताट तिने त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती कपाटापाशी गेली.

ताट घेऊनच दादांनी बंद दारावर टकटक केली. “भाऊजी, काल मी खोटं बोललो. ते प्रकरण मी वाचलं नव्हतं. आता वाचलंय. त्यातलं एक अक्षर काढू नका. दुसरा भाग लिहायचा तर पिस्तुलं वगळून लिहा.”

आतून खुर्ची सरकली. दार उघडलं. मेव्हणे कालच्याच शर्टात होते. त्यांनी दादांकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीत पिशवीची चेन लावणाऱ्या बायकोकडे.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“मी चार म्हणाले होते तेव्हा,” चिमी म्हणाली. “आता बघू.”

मेव्हणे चौकटीला धरून उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द निघायला वेळ लागला, आणि दोघांनीही तो लागू दिला.

“मी फोन करीन,” ते म्हणाले.

“आणि एंगेज लागला तर?”

“थांबेन,” मेव्हणे म्हणाले. “मग परत करीन.”

चिमीने पिशवी उचलली. “कुकरला तीन शिट्ट्या करा,” ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.